बोरखेडीच्या पारावरून

शनिवारी संध्याकाळी अश्विनी गॅसवर वांगी भाजत होती आणि ओट्यावरचा मोबाईल थरथरला. धावणाऱ्यांच्या ग्रुपवर मेसेज होता. "सर्व स्पर्धकांना सूचना. मेहकर रोडवर पुलाचं काम निघाल्यामुळे उद्याच्या अर्ध मॅरेथॉनचा मार्ग बदलला आहे. नवा मार्ग चिखलीहून निघून बोरखेडी गावातून पुढे टेकडीपर्यंत आणि त्याच रस्त्यानं परत. तसदीबद्दल क्षमस्व." खाली कोणी हात जोडले होते, कोणी अंगठा दाखवला होता. अश्विनीनं मात्र वांग्याचा पार कोळसा होईपर्यंत तो मेसेज वाचला.

बोरखेडी! आख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एवढी गावं पडली आहेत. धामणगाव बढे आहे, बीबी आहे, गेला बाजार तिचं माहेर उंद्री आहे. माणसांना पळवायचंच होतं तर कुठंही पळवायचं होतं! पण नाही. त्यांना नेमकं तिचं सासर सापडलं.

आता सासर म्हणजे काही वाघाची गुहा नव्हे. सासूबाई रुखमाबाई मऊ स्वभावाच्या, सासरे पुंजाजी कमी बोलणारे. घरी दहा-बारा एकर जमीन, दोन म्हशी. भानगड घराची नव्हतीच. भानगड होती पाराची. बोरखेडीच्या बरोब्बर मधून डांबरी रस्ता जातो, रस्त्याला लागून मोठ्या लिंबाभोवती दगडी पार बांधलेला आहे आणि त्या पारावर रोज सकाळी दूध घालून झालं की पुंजाजी आणि त्यांच्या वयाची मंडळी बसतात. आणि बोरखेडीच्या सुना पारावरून जात नाहीत. असं कुठं लिहिलेलं नाही, कोणी कोणाला सांगितलेलंही नाही, पण जात नाहीत. एसटीतून उतरलं की डोक्यावर पदर घ्यायचा आणि मागच्या बोळीनं, उकिरड्यांना वळसा घालत, घर गाठायचं. मागं एका घरची नवी सून मोबाईलवर बोलत बोलत सरळ पारासमोरून गेली होती. तिच्या सासूला लोक अजून विचारतात, "तुमची मोबाईलवाली कशी हाय?"

आणि अश्विनी तिथून जाणार होती ट्रॅकपँट घालून, भगव्या टी-शर्टावर छातीशी नंबर टोचून, पळत.

"आता काय करू हो?" तिनं रवीला विचारलं. रवी म्हणजे तिचा नवरा, चिखलीतल्या एका कृषी केंद्रात कामाला.

"नको पळू मंग."

"असं कसं नको पळू?"

"मंग पळ."

"अन् मामाजीनं पाह्यलं म्हंजे?"

रवीनं भाकरीचा तुकडा भरतात बुडवला आणि तिथंच धरून ठेवला. तो घास तोंडापर्यंत गेलाच नाही. वडिलांचं नाव निघालं की रवीचं असंच व्हायचं. पुंजाजी कधी ओरडत नसत. ते फक्त "बस झालं" म्हणत, आणि मग ती गोष्ट बस व्हायची. कॉलेजात रवी तालुक्याच्या संघातून व्हॉलीबॉल खेळायचा. एक दिवस वडील म्हणाले, "बस झालं आता." रवीनं त्या दिवसापासून बॉलला हात लावला नाही. का, म्हणून विचारलंही नाही.

अश्विनीला भीती त्याचीच होती. उद्या मामाजींनी पाहिलं, की तिचं पळणं बस होणार. आणि पळणं बस झालं तर... या विचाराच्या पुढं तिला जाताच येत नव्हतं.

गंमत अशी की पळायचं तिच्या मनातही नव्हतं. घरमालकांची प्रेरणा अकरावीत, अंगात वारं भरलेली पोरगी. तिला पहाटे कॉलेजच्या मैदानावर पळायला जायचं होतं आणि तिची आई एकटीला सोडत नव्हती. "वहिनी, तुम्ही फक्त उभ्या राहा ना माझ्यासोबत!" म्हणून अश्विनी नुसती उभी राहायला गेली. शाल पांघरून, बॅटरी धरून, थंडीत कुडकुडत. चार दिवसांनी ऊब यावी म्हणून एक चक्कर मारली. मग दोन. मग शाल कठड्यावर राहू लागली. शाळेत शिशुवर्गाची चाळीस पोरं दिवसभर तिच्या अंगाखांद्यावर नाचायची, घरी आलं की भांडी, धुणं, उद्याची भाजी. त्या मैदानावर मात्र तिला कोणी हाक मारत नव्हतं. दम लागायचा, पाय दुखायचे आणि घरी येताना उगाचच हसू यायचं. दर रविवारी गावी जायचा शिरस्ता होता, पण लांब पळायचं तर रविवारच हवा. म्हणून तिनं सासूबाईंना फोनवर सांगून टाकलं की शाळेचं प्रशिक्षण असतं. एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, आणि पुढं ते आपोआपच तोंडातून येऊ लागलं.

त्याही रात्री जेवणं होतात न होतात तोच रुखमाबाईंचा फोन आला.

"येतं का वं उद्या? माह्यं डोकं गरगर करून राह्यलं दोन दिवसांपासून. बीपी वाढलं वाटते."

"आत्याबाई, गोळी घेतली ना तुम्ही? उद्या... उद्या प्रशिक्षण हाय ना. दुपारी येतो आम्ही दोघं."

"बरं बाई. ये मंग. तुह्या मामाजीले सांगू नको डोक्याचं. उगाच घोर लावून घेतात, अन् वरून मलेच बोलतात."

फोन ठेवला आणि अश्विनीनं पहाटेचा गजर लावला.

सकाळी मैदानावर धुकं, भोंगा, केळ्यांच्या पाट्या आणि तीन-चारशे माणसं. प्रेरणाला अजून अठरा वर्षं पूर्ण झाली नव्हती, म्हणून तिला दहा किलोमीटरचीच परवानगी होती, पण उड्या ती बेचाळीसच्या मारत होती.

"वहिनी, चेहरा काऊन असा? जसं काही फाशीले चालल्या!"

अश्विनीनं सगळं सांगितलं. प्रेरणानं कपाळावर हात मारला आणि स्वतःच्या पिशवीतून मोठा फुलाफुलांचा स्कार्फ काढला.

"हे घ्या. स्कूटीवर बांधतो तसा बांधा. फक्त डोळे बाहेर. मी एकदा असा बांधून माह्या बाबाले रस्ता विचारला होता. त्यांनी 'ताई' म्हणून सांगितला!"

"अन् श्वास?"

"श्वास घेऊ नका. गाव येते किती अन् जाते किती!"

सुटण्याआधी संयोजकांनी नियम सांगितले. सगळ्यांच्या मागून लाल झेंडा लावलेली एक जीप येणार. तिचा वेग ठरलेला. जीप तुमच्यापुढं गेली की तुम्ही बाद. मग मुकाट आत बसायचं. जीप चालवणारा भागवत नावाचा जाडजूड माणूस तिथंच बोनेटला टेकून उभा होता. तो हसत म्हणाला, "घाबरू नका, आत केळे हायेत. मागच्या वेळी तर लोक भांडून भांडून गाडीत बसले."

सगळे हसले. अश्विनीला त्या जीपकडं पाहवेना.

पहिले काही किलोमीटर कसे गेले ते तिला कळलंच नाही, कारण ती पळत नव्हती, विचार करत होती. मामाजी आज पारावर नसतील तर? असतीलच. दूध घालायला उशीर झाला तर? होतच नाही. मागच्या बोळीनं गेलं तर? पण वळणावळणावर झेंडेवाले उभे होते, रस्ता सोडला की बाद. लोक तिला मागं टाकत होते. पन्नाशीचे एक मास्तर गेले, बुलढाण्याच्या दोन महिला डॉक्टर गप्पा मारत गेल्या. बोरखेडीची पाटी दिसली तेव्हा पुढचा माणूस वळणाआड गेलेला होता, आणि तिच्या मागं होती फक्त जीपची घरघर.

तिनं स्कार्फ बांधला. डोळ्यांपुरती फट ठेवली. लगेच आत वाफ कोंडली, नाकाशी कापड चिकटलं आणि स्वतःचा श्वास स्वतःलाच भात्यासारखा ऐकू येऊ लागला.

पार भरलेला होता. आज तर जास्तच, कारण सकाळपासून फुकटचा तमाशा चालला होता. आणि मधोमध, पांढऱ्या टोपीत, मामाजी.

"भरतीचे पोट्टे पळतात ते समजते," मामाजी म्हणत होते. "नोकरी तरी लागते त्याह्यले. हे टकले अन् पोटाळे काऊन पळून राह्यले?"

"घरी बायकोचं भेव असंन," त्यांचा दोस्त कडूबा म्हणाला, आणि पार हसला.

मग तिचा नंबर लागला.

"हे पाह्य, हे पाह्य! तोंड बांधून पळून राह्यली!"

"उधारीवाले मागं लागले काय व बाई?" कडूबानं हाळी दिली.

"अरे, श्वास कुठून घेते ते?" हा मामाजींचा आवाज. दहा हातांवरून. "पडंन ना एखांद्या वक्ती! कोनाची पोट्टी हाय बापा? घरचे काही म्हनत नाईत वाटते."

अश्विनीचे पाय पळत होते आणि बाकी सगळी अश्विनी त्या जागी गोठून उभी होती. मान वळवू नको, मान वळवू नको. पाण्याच्या टाकीपर्यंत पोचली. ग्रामपंचायतीपर्यंत पोचली. शेवटचं घर गेलं. कोणी हाक मारली नाही.

गेलं! निभावलं! पण अर्धंच. टेकडीपाशी खुणेचं रबरी कडं हातात चढवून वळायचं होतं आणि पुन्हा त्याच पारावरून यायचं होतं.

परतताना तिनं लांबूनच डोळे बारीक करून पाहिलं. कडूबा होता. बाकीचे होते. पांढऱ्या टोपीची जागा रिकामी होती.

खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं. पण माणसाचं मन तरी कसं! तिला वाटलं, मामाजी उठून का गेले? ओळखलं म्हणून गेले का? घरी जाऊन फोन लावला का? आत्याबाईंना सांगितलं का? अशा प्रश्नांच्या माळेतच तिनं गाव ओलांडलं. मागं वळून पाहिलं, कोणी नाही. मग मात्र तिनं तो ओला स्कार्फ ओढून काढला, कमरेला बांधला, केसांची पिन कधीच कुठंतरी पडली होती, आणि तोंड उघडून अशी हवा प्याली की जणू जन्मात पहिल्यांदाच मिळाली. आता काय! आता नुसतं चिखली गाठायचं. जीप जरा मागं पडली होती. पाय चालत होते. पार मागं गेला होता.

इतका वेळ डोक्यात नुसता पारच होता, आणि घरचं शेत ती विसरलीच होती.

ते वळणावर, रस्त्याला लागूनच होतं. सोंगलेल्या तुरीच्या पेंढ्या रचलेल्या, आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पेंढी उचलून उभे मामाजी.

दोघांनी एकमेकांना एकाच वेळी पाहिलं.

अश्विनीचं डोकं म्हणत होतं थांब, पदर घे. पदर होताच कुठं? डोकं म्हणत होतं काहीतरी बोल. पण पाय काही ऐकेनात. ते आणखीच जोरात पळायला लागले. मामाजींच्या हातातली पेंढी खाली पडल्याचा आवाज तिला आला.

"अश्विनी! ए अश्विनी! काय झालं वं?"

ती पळाली.

"थांब ना वं! अश्विनी!"

मागं फटक फटक चपला वाजू लागल्या. मामाजी पळत होते! साठी ओलांडलेला माणूस, डांबरी रस्त्यावर, तिच्या मागं! आता हे मला धरणार, भर रस्त्यात म्हणणार 'बस झालं', आणि सगळं संपणार. तिनं दात आवळले. थोडं पुढं गेल्यावर चपलांचा आवाज थांबला. सुटले, असं तिला वाटलं. मग लक्षात आलं, मामाजींनी चपला फेकल्या होत्या. अनवाणी पाय पट पट पट करत आणखी जवळ येत होते.

आणि मग तो आवाज आला. तो रागाचा नव्हताच.

"रुखमी हाय ना वं? जित्ती हाय ना?"

अश्विनी जागच्या जागी थांबली. गुडघ्यांत कळ गेली, पण ती थांबली.

लग्नानंतरच्या दोन वर्षांत तिनं मामाजींच्या तोंडून सासूबाईंचं नाव कधी ऐकलं नव्हतं. 'रव्याची माय' किंवा नुसतंच 'अवं'. आणि आता हा माणूस रस्त्यात ते नाव ओरडत होता. टोपी पडलेली, धोतराचा सोगा सुटलेला, तोंड राखेसारखं झालेलं. त्यांना ती धावणारी कोणी दिसलीच नव्हती. आपल्या घरची सून, उघड्या डोक्यानं, गावाकडून जीव तोडून पळत येते आणि हाक मारली तरी थांबत नाही. याचा त्यांच्या लेखी एकच अर्थ होता. घरी काहीतरी झालं. ही गाडी आणायला निघाली.

"मामाजी, आत्याबाईले काही नाई झालं! घरी काहीच नाई झालं!"

"खोटं नको बोलू. सकाळी ते भिंतीले धरून चालत होती. मी पाह्यलं. मले म्हने काही नाई."

"आईची आण मामाजी, काही नाई झालं."

"मंग पळत काऊन होती?"

छातीवरच्या नंबरावर तिनं नुसता हात ठेवला.

"शर्यत हाय," ती शेवटी म्हणाली.

"कोनाची?"

"माही."

मामाजी रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसले. तेवढ्यात लाल झेंड्याची जीप आली आणि घरघरत थांबली. भागवतनं खाली उडी मारली, पाण्याची बाटली उघडली, मामाजींच्या तोंडाला लावली. अश्विनीनं त्याच्या मोबाईलवरून गावी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"कोन होय?" रुखमाबाई ठणठणीत आवाजात म्हणाल्या. "अश्विनी? अवं, भाकरी टाकून राह्यली मी, हात पिठाचे हायेत. डोकं? उतरलं, गोळी घेतली ना. तुह्यं झालं का प्रशिक्षण?"

मामाजींनी हात लांब करून फोन बंद केला.

त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता, आणि त्याबरोबर दुसरंही काही येत होतं. अश्विनी ते येताना बघत होती.

"प्रशिक्षण," ते म्हणाले.

"हाव मामाजी. म्हंजे नाई. नव्हतं कधी."

"रव्याले मालूम हाय?"

"हाव."

"ते तोंड बांधेल पोट्टी, ते तूच काय?"

"हाव."

ते भागवतचा हात धरून उठले. जीपचं मागचं दार उघडंच होतं. आत केळ्यांची पाटी दिसत होती. मामाजींनी त्या दाराकडं बोट केलं.

"बस झालं आता. बस गाडीत. घरी चाल."

आलाच तो शब्द. रात्रभर ती ज्या शब्दाला भीत होती, तो असा ऊन पडलेल्या रस्त्यावर, तुरीच्या वासात, अगदी हळू आवाजात आला. भागवत म्हणाला, "ताई, मलेही थांबता येत नाई. गाडी हालली अन् पुढं गेली की तुम्ही बादच. बसा, केळं खा."

अश्विनीनं दाराकडं पाहिलं. बसायला किती सोपं होतं! पोटऱ्या दगड झाल्या होत्या, डाव्या अंगठ्याचं नख गेलं होतं, आणि बसलं की सगळ्यांचं समाधान. तिनं एक पाऊल टाकलंही दाराकडं. मग तिला कॉलेजच्या मैदानावरचा गार कठडा आठवला, आणि त्यावर आता कधीच ठेवायची नसलेली ती शाल. तिचं पाऊल मागं आलं.

"नाई मामाजी."

"काय?"

"मी नाई बसत. खोटं बोलली, ते चुकलं माह्यं. घरी आल्यावर जे बोलाचं ते बोला, मी खाली मान घालून ऐकतो. पन आता मी पळतो."

आणि उत्तर ऐकायला न थांबता ती पळाली. ऐकायला थांबली असती तर पळूच शकली नसती. मागं जीपचं दार बंद झालं. मामाजींना दम लागला होता, पायात चपला नव्हत्या, भागवतनं त्यांना पुढच्या सीटवर बसवलं असणार. इंजिन सुरू झालं.

झालं! आता मागं जीप, आणि जीपमध्ये सासरे.

या जगात काही काही भीती अशा असतात की त्यांना तोंड नसतं. तशी ती जीप गप्प होती. मामाजी ओरडले असते तर बरं झालं असतं. एक किलोमीटर गेला, दुसरा गेला, आत कोणी बोलेना. नुसती घरघर, कधी जवळ, कधी थोडी लांब. तिला आपली पाठ उघडी वाटत होती. ते आपले केस बघत असतील. आपलं लंगडणं बघत असतील. मनात शब्द जुळवत असतील, एकेक करून, चिखली येईपर्यंत.

चढ आला. तिचा वेग पडला आणि जीप एवढी जवळ आली की आतलं बोलणं ऐकू येऊ लागलं.

"तू पुढं गेला की ते हारली, असं हाय काय?"

"हाव काका. नियम हाय."

"मंग पुढं काऊन रेटून राह्यला बे?"

"रेटून नाई राह्यलो. वेग ठरेल हाय. मले वेळेवर पोचा लागते."

"हळू चालव."

"नाई चालवता येत काका. मागच्या वेळी लोकाह्यले बाद केलं याच वेगानं. एकीले सूट कशी देऊ?"

अश्विनीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. दमलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं. जीपचं नाक तिच्या कोपराशी आलं. बोनेटची ऊब लागत होती. चिखलीची पाण्याची टाकी दिसत होती, पण टाकी दिसणं वेगळं आणि गाठणं वेगळं. डोळ्यांत घाम उतरला. संपलं, एवढ्यात संपलं.

"थांबव," मामाजी म्हणाले.

"काय झालं काका?"

"उतराचं हाय. लघवीले."

"आता? दोन किलोमीटर राह्यलं फक्त!"

"माह्या वयाचा हो, मंग कळंन तुले. थांबवतं का इथंच करू? तुह्या सीटवर?"

ब्रेकचा कर्कश आवाज झाला. अश्विनीनं न राहवून मागं पाहिलं. जीप कडेला उभी होती. भागवत स्टिअरिंगवर बोटं आपटत होता. आणि मामाजी, तिचे सासरे पुंजाजी, अनवाणी पायांनी, काटे चुकवत चुकवत, सगळ्या बाभळी सोडून अगदी लांबच्या बाभळीकडं निघाले होते. सावकाश. मध्येच उभं राहून त्यांनी आभाळाकडं पाहिलं. ऊन कितीक झालं, हे पाहत असावेत.

अश्विनीला हसू आलं नाही, रडू आलं. आणि रडत पळता येत नाही, श्वास अडकतो, म्हणून तिनं ते गिळलं आणि नुसते पाय मोजले. मोजणंही चुकलं. पेट्रोल पंप गेला. कृषी केंद्र गेलं, रविवारचं बंद. मागून जीप आली, चिडलेली, हॉर्न वाजवत, धूळ उडवत. मैदानाचं फाटक समोर होतं. कमानीची एक बाजू पोरांनी सोडायला घेतली होती. "थांबा बे, एक बाई येऊन राह्यली!" असं कोणीतरी ओरडलं, आणि ते पोरीच्या आवाजात होतं, म्हणजे ती प्रेरणाच असणार. कमान अर्धी लोंबकळत असतानाच अश्विनी तिच्याखालून गेली. जीपचं नाक फाटकात शिरलं, ते तिच्यानंतर.

गळ्यात पदक पडलं. कोणाचे हात होते तेही तिला दिसलं नाही. तिचं लक्ष जीपच्या दाराकडं होतं.

मामाजी उतरले. रवी पुढं गेला आणि वडिलांना पाहून असा थबकला की त्याच्या हातातलं लिंबूपाणी अर्धं सांडलं.

"बाबा? तुम्ही?"

"तुह्यासंगं मंग बोलतो. आधी माह्यासाठी चपला पाह्य कुठं भेटते तं."

रवी पळाला. आजच्या दिवसात सगळ्यात जोरात तोच पळाला असेल.

अश्विनी पुढं गेली. काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून पाया पडायला वाकली.

"खोटं बोलली, ते मी विसरलो नाई," वरून आवाज आला.

"हाव मामाजी."

"पाराचं मी पाहून घेईन. कडूबा बोलंनच. बोलू दे." त्यांनी धोतराचा सुटलेला सोगा खोचला. "पन तू पळतं त्या दिवशी आम्हाले सांगून पळत जा. मानूस मरते ना वं भेवानं."

तिनं फक्त मान हलवली, आणि वाकलेलीच राहिली.

"झालं ना. ऊठ आता."

"मामाजी... उठता येत नाई."

"काय?"

"पोटऱ्या धरल्या. गुडघे नाई हालत."

मामाजींनी इकडंतिकडं पाहिलं. रवी नव्हता. प्रेरणा लांब केळी खात होती. सुनेला हात कसा द्यायचा! ते दोनदा पुढं झाले, दोनदा मागं सरले. मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, एक टोक आपल्या मुठीला गुंडाळलं, दुसरं तिच्यापुढं सोडलं.

"धर. अन् वढल्यावर मोठ्यानं ओरडू नको. लोक पाहून राह्यले."